ढवळ्याचे माप

शेळ्या राखायला आणलेला आमचा कुत्रा ढवळ्या घरी आला तेव्हा तो ९ आठवड्यांचा होता आणि त्याचे वजन ८ किलो भरले. आधी मी न्हाणीघरातल्या काट्यावर एकटी उभी राहिले, मग त्याला छातीशी धरून पुन्हा उभी राहिले आणि वजाबाकी करून तो आकडा एका जुन्या वहीत लिहिला. त्या दिवसापासून दर रविवारी संध्याकाळी त्याचे वजन करायचे आणि रोजच्या खाण्याचे ग्रॅम लिहायचे, असा नेम मी ठरवला. तो नेम दीड वर्ष पाळला, मात्र मधले काही आठवडे मी वहीत खरे तेवढेच लिहिले असे म्हणता येणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला असलेल्या डोंगराळ भागात राहतो. चुनखडीची जमीन, खुरटी ओकची झाडे, उन्हाळ्यात पिवळे पडणारे गवत. माण तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या माळाची आठवण यावी असाच हा मुलूख आहे. इथे जमिनीवर जनावरे पाळली की मालमत्ता कर बराच कमी लागतो, आणि शहरातून आलेली अनेक कुटुंबे निव्वळ तेवढ्यासाठी चार शेळ्या ठेवतात. आमची सुरुवातही तशीच झाली, हे कबूल करायला हरकत नाही. पुढे माझ्यातली धनगराची नात जागी झाली आणि चाराच्या एकोणीस शेळ्या झाल्या. त्या बहुतेक बोअर जातीच्या संकरातल्या आहेत. ही आफ्रिकेकडची मांसाची शेळी १९९३ मध्ये अमेरिकेत आली. त्याआधी या टापूत मेंढ्या आणि लोकरीच्या अंगोरा शेळ्यांचेच राज्य होते.

ढवळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमची चार करडे कोयोटींनी नेली. कोयोटी हा आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा प्राणी. कुंपणाखालची एक हात माती उकरून तो आत येतो आणि करडाचा गळा धरतो. चौथे करडू गेले त्या सकाळी मी शेजारच्या वयस्कर बाईंकडे गेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या शेळ्या-मेंढ्या आहेत. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि एवढेच सांगितले की, आमच्या राखणीच्या कुत्रीच्या पुढच्या वेतातले एक पिल्लू तुझे, पण ते तुझे नसून शेळ्यांचे असेल, हे मान्य असेल तरच ने.

जात ग्रेट पिरेनीज. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या पिरेनीज पर्वतात मेंढरे राखण्यासाठी शेकडो वर्षे पाळलेला हा पांढरा, झुपकेदार कुत्रा. मागच्या प्रत्येक पायाला आतल्या अंगाने दोन-दोन जादा नख्या असतात आणि त्या या जातीची खूण मानल्या जातात. पूर्ण वाढलेला नर ४५ ते ५५ किलोंचा होतो. तो मेंढपाळाच्या हुकमावर कळप हाकत नाही. तो कळपातच राहतो, रात्रभर फेऱ्या मारतो, भुंकून परक्याला लांब ठेवतो आणि फारच वेळ आली तर भिडतो. नाव ठेवताना रंगाखेरीज काही सुचले नाही, म्हणून आम्ही ढवळ्या म्हणू लागलो. फोनवर नाव ऐकून आई हसली. म्हणाली, “आगं, त्ये बैलाचं नाव हाय.” सहा महिन्यांनी तिने ते शब्द मागे घेतले.

आजोबांच्या वाड्यावरही कुत्री होती. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन ते कोकणात उतरत तेव्हा ती बरोबर चालत आणि रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढरांना घातलेल्या जाळ्याच्या कुंपणाभोवती, पडून राहत. त्यांना भाकरीचा कुटका, ताक, कधी मेलेल्या कोकराचे काहीबाही, एवढेच मिळे. त्यांची वाढ कशी होते याचा विचार कोणी केल्याचे मला आठवत नाही. ती बारीक, लांब पायांची आणि काटक होती, आणि माझ्या डोक्यात राखणीच्या कुत्र्याचे चित्र तेच होते. ढवळ्याचे प्रकरण निराळे आहे, हे मला पहिल्या महिन्यातच कळायला हवे होते.

पहिला धडा मात्र खाण्याचा नव्हता, जागेचा होता. शेजारच्या बाईंनी बजावले होते की पहिल्या रात्रीसुद्धा त्याला घरात घ्यायचे नाही. पिल्लू ज्यांच्या सहवासात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत वाढते, त्यांना ते आपले मानते. या वयात माणसांच्या सोफ्यावर वाढलेला कुत्रा पुढे शेळ्या सोडून दारात येऊन बसतो. १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशर कॉलेजात रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी युरोप व तुर्कस्तानातून राखणीच्या कुत्र्यांची पिल्ले आणून अमेरिकी शेतकऱ्यांकडे वाढवली, तेव्हापासून ही गोष्ट इकडे पद्धतशीरपणे सांगितली जाते. आपल्या धनगरांना ती सांगावी लागली नाही, कारण त्यांच्याकडे सोफाच नव्हता. आम्ही गोठ्याला लागून वीस फूट लांब-रुंद असे जाळीचे आवार केले आणि त्यात तीन शांत, पोक्त शेळ्या ठेवल्या. पिल्लू रात्रभर रडले. पहाटे मी कंदील घेऊन गेले तेव्हा ते सर्वांत म्हाताऱ्या शेळीच्या पाठीला पाठ लावून झोपले होते आणि ती रवंथ करत होती.

आता खाण्याकडे वळते. दुकानात कुत्र्यांच्या खाद्याच्या पोत्यांची भिंत उभी असते आणि प्रत्येक पोत्यावर एक आनंदी पिल्लू छापलेले असते. बाईंनी सांगितले की पुढची बाजू बघू नकोस, पाठ बघ. पाठीवर बारीक अक्षरात एक विधान असते: हे खाद्य वाढत्या वयासाठी पुरेसे आहे, आणि मोठेपणी ७० पौंड, म्हणजे जवळजवळ ३२ किलो, किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीचाही त्यात समावेश आहे. त्या दुसऱ्या भागासाठीच पोते उलटून पाहायचे. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी केलेल्या खाद्यात कॅल्शियमला वरची मर्यादा असते, कोरड्या वजनाच्या १.८ टक्के, चांगल्या खाद्यात ते त्याहूनही कमी, एक-सव्वा टक्क्याच्या आसपास असते आणि फॉस्फरसशी त्याचे प्रमाण राखलेले असते. उष्मांकही जरा बेताचे असतात. मी घेतलेल्या पोत्यात कॅल्शियम १.१ टक्के होते. दिवसाला २५० ग्रॅम, चार वेळा विभागून, अशी सुरुवात केली.

खाऊ घालणे ऐकायला सोपे वाटते, पण आवारात शेळ्या असतात आणि शेळीला कुत्र्याचे दाणे फार आवडतात. दोन दिवसांतच म्हाताऱ्या शेळीने वाडग्यावर हक्क सांगितला. यात दोन धोके होते. एक म्हणजे असे दाणे पोटभर खाल्ले तर शेळीचे पोट आंबते आणि फुगते. दुसरे म्हणजे या दाण्यांत बहुधा गाई-मेंढ्यांच्या मांसाची भुकटी असते. वेड्या गाईच्या रोगानंतर, १९९७ पासून, रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी प्रथिने खाऊ घालण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आहे. तिसरी अडचण पिल्लाची होती. वाडग्यासाठी रोज झगडावे लागले तर ते शेळ्यांवर गुरगुरायला शिकते, आणि ती सवय पुढे करडांच्या जिवावर बेतते. म्हणून कोपऱ्यात एक आडवी फळी अशी ठोकली की खालच्या फटीतून पिल्लू सरपटत आत जाईल, पण शिंगांची शेळी जाणार नाही. ही युक्ती पाच आठवडे चालली. एका सकाळी ढवळ्या फटीत अडकून केविलवाणा भुंकत होता, शेपूट बाहेर, तोंड आत. फळी वर सरकवली तशी शेळीही आत जाऊ लागली. तेव्हापासून मी वाडगा घेऊन दहा मिनिटे तिथेच उभी राहते आणि उरलेले उचलून नेते.

उलट दिशेनेही पहारा ठेवावा लागला. आमच्या करडांच्या खुराकात रक्ती हगवण होऊ नये म्हणून मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. शेळ्यांना ते चालते, पण कुत्र्याला आणि घोड्याला ते विषारी आहे. ते पोते आता झाकणाच्या लोखंडी पिंपात असते आणि झाकणावर दगड असतो.

बाराव्या आठवड्यात ढवळ्या १२ किलोंचा होता आणि इथून माझी चूक सुरू होते. तो चालताना मला त्याचे पुढचे पाय विचित्र दिसू लागले. मनगटाचा सांधा थोडा खचल्यासारखा वाटे आणि पंजे पसरट पडत. व्हिडिओवर आईला दाखवले. आईने क्षणभर पाहिले आणि निदान केले: “हाडं कच्ची हायती. त्येला चुना कमी पडतुया. आन् आगं, लेकराला मापून काय घालतीस? पोट भरू दे की.” मी पन्नाशीला आलेली बाई, माझ्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या फडताळात होत्याच. ६०० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी, दाण्यांत चुरून. त्यावर हाडांची भुकटी एक चमचा. त्यावर रात्री भाकरी-दूध, आणि आमच्या पतिराजांच्या ताटातले जे उरेल ते. वहीत मी फक्त दाण्यांचे ग्रॅम लिहीत राहिले. बाकीचे खाणे नव्हेच, माया होती, अशी काहीशी समजूत मी करून घेतली होती.

टेक्सासमध्ये पिसाळी रोगाची लस पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत टोचून घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी त्याला नेले तेव्हा काट्यावर २१ किलो ४०० ग्रॅम आले. चार आठवड्यांत ९ किलोंहून अधिक. मी अभिमानाने डॉक्टरांकडे पाहिले. बाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी ढवळ्याच्या फासळ्यांवरून दोन्ही हात फिरवले, पुढचे पाय हातात धरून वाकवले आणि मला एक कोरा कागद दिला. म्हणाल्या, “याच्या तोंडात दिवसभरात जे जे जाते ते सगळे लिहा. माणसांनी दिलेलेही.” मी लिहिले. गोळ्यांपाशी आल्यावर पेन जरा अडखळले.

त्यांनी माझ्यासमोरच हिशेब मांडला. ४०० ग्रॅम दाण्यांतून त्याला ४.४ ग्रॅम कॅल्शियम मिळतच होते, आणि तेवढे त्याला पुरेसे होते. दोन गोळ्यांचे १.२ ग्रॅम आणि भुकटीचे साधारण सव्वा ग्रॅम मिळून मी त्यात आणखी निम्म्याहून अधिक भर घालत होते, शिवाय गोळीतले जीवनसत्त्व ड वेगळेच. मोठ्या कुत्र्याचे आतडे नको असलेले कॅल्शियम बरेचसे बाहेर टाकते. पिल्लाला, निदान सहा महिन्यांपर्यंत, ते नीट जमत नाही. जेवढे पोटात जाईल त्यातला मोठा भाग रक्तात उतरतो. तो जादा साठा हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या थरात गडबड करतो. जिथे कूर्चेचे हाड व्हायचे तिथे ते वेळेवर होत नाही, कूर्चा जाड राहते, तडकते, हाड वाकडे वाढते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले आहे, असे त्यांनी सांगितले. आणि खचलेले मनगट? ते चुना कमी पडल्यामुळे खचले नव्हते. अंगावरचे मांस हाडांच्या आणि स्नायूबंधांच्या पुढे धावत होते. मी ज्याला अशक्तपणा समजले तो भाराचा परिणाम होता, आणि त्यावर उपाय म्हणून मी भारच वाढवत होते.

मला त्यांचे एक वाक्य अजून आठवते. हा किती मोठा होणार हे त्याच्या आईबापांनी ठरवून टाकले आहे, तुम्ही फक्त तो तिथे किती घाईने पोहोचेल ते ठरवता. त्यांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांवरच्या एका अभ्यासाचीही गोष्ट सांगितली. ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातले आणि जन्मभर तसेच ठेवले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे भरले आणि पोटभर खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. कमी खाणाऱ्यांत सांध्यांचे दुखणेही उशिरा आले.

मग त्यांनी मला फासळ्या मोजायला शिकवले. पिरेनीजच्या अंगावर दुहेरी केसांचा इतका जाड थर असतो की डोळ्यांनी पाहून तो बारीक की जाड हे कळतच नाही, हातच लावावा लागतो. डावा हात टेबलावर उपडा, सपाट ठेवायचा आणि उजव्या हाताची बोटे त्याच्या पाठीवरून, बोटांच्या हाडांवरून फिरवायची. कातडीखाली हाडे सहज लागतात, पण टोचत नाहीत. फासळ्या अशा लागल्या पाहिजेत. मग हात उताणा करून तळव्यावरून बोटे फिरवायची. तिथे हाड शोधावे लागते; फासळ्या अशा लागल्या तर जनावर लठ्ठ आहे. शेवटी मूठ वळून वरच्या टोकदार गाठींवरून बोटे फिरवायची; तसे लागले तर ते उपाशी आहे. ढवळ्याच्या फासळ्या तळहातासारख्या लागत होत्या. आजही खुराक कमी-जास्त करण्याआधी मी गोठ्यात उभी राहून आधी आपलाच हात चाचपते आणि मग त्याच्या केसांत बोटे घालते. शेळ्या हे सगळे मोठ्या कुतूहलाने पाहतात.

त्या दिवसापासून गोळ्या, भुकटी, भाकरी-दूध सगळे बंद झाले. चारशे ग्रॅम दाणे, तीन वेळा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. प्रथिने कमी करावीत का, असेही मी विचारले होते, कारण मोठ्या पिल्लांना प्रथिने सोसत नाहीत असे इथले जुने लोक सांगतात. डॉक्टर म्हणाल्या की दोष प्रथिनांचा नसतो. घात करतात ते जादा उष्मांक आणि जादा कॅल्शियम. आठवड्याला सव्वा किलोच्या आसपास वाढ व्हावी, एवढे आमचे लक्ष्य ठरले.

सांगायला सोपे आणि करायला फार अवघड असे ते दोन महिने होते. तो रिकामा वाडगा तोंडात धरून जाळीशी उभा राहायचा. आमच्याकडे आल्या-गेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत आणि मी स्वतःच्या दारातल्या पिल्लाला ग्रॅम मोजून घालत होते. आई फोनवर त्याची चौकशी करायची तेव्हा मी विषय बदलत असे. एकदा तिने थेटच विचारले, “उपाशी ठेवतीस व्हय त्येला?” मी तिला आजोबांच्या कुत्र्यांची आठवण करून दिली. त्यांना कधी कोणी पोटभर घातले होते का? ती थोडा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, “तवा घालायला व्हतं कुठं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

सहा महिन्यांचा झाला तेव्हा तो ३३ किलोंचा होता. पसरट पंजे मिटू लागले होते आणि मनगटे सरळ झाली होती. काटा आता न्हाणीघरातला नव्हता. करडे तोलण्याच्या टांगत्या काट्याला झोळी बांधून आम्ही दोघे त्याला उचलत होतो. याच सुमारास शेळ्यांची वेत सुरू झाली आणि त्याला थोडे दूर ठेवावे लागले. पाच-सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत ही पिल्ले म्हणजे अंगाने बाप्ये आणि डोक्याने पोरे असतात. करडाच्या मागे खेळ म्हणून धावतात, कान धरतात, आणि चाळीस किलोंच्या खेळात दोन किलोंचे करडू मरते. ढवळ्याने एका करडाचा कान फाडलाच. शेजारच्या बाई येऊन गेल्या आणि त्यांनी त्याच्या पट्ट्याला साखळीने हातभर लांबीचा लाकडी ओंडका अडकवला. तो गुडघ्यांच्या वर लोंबकळत राहतो आणि धावताना पायांत येतो, चालताना नाही. त्यांनी त्याला इंग्रजीत काही नाव सांगितले, पण मी पाहताक्षणी ओळखले: हे लोढणे. आमच्या गावात उनाड गुराच्या गळ्यात बांधतात तेच. दहा आठवडे तो लोढणे घेऊन वावरला आणि धावण्याची हौस हळूहळू जिरली.

मार्चमध्ये, साडेसात महिन्यांचा असताना, एका सकाळी तो पुढचा डावा पाय उचलून उभा दिसला. माझ्या पोटात गोळा आला. काटा मोडला असेल म्हणून पंजा तपासला; इथल्या गवताची कुसळे केसांतून थेट कातडीत शिरतात आणि रोज संध्याकाळी ती वेचणे हे एक कामच असते. पंजात काही नव्हते. तीन दिवसांनी तो पाय बरा झाला आणि मागचा उजवा पाय लंगडू लागला. तेव्हा मला खात्री वाटली की ही त्या गोळ्यांची शिक्षा आहे. डॉक्टरांनी लांब हाडांवर बोटाने दाबून पाहिले. नेमक्या एका जागी दाबताच तो कण्हला. क्ष-किरण चित्रात हाडाच्या पोकळीत ढगासारखे पांढुरके ठिपके होते. पॅनऑस्टिआयटिस, म्हणजे मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना होणारी हाडांच्या आतली सूज. ती एका पायातून दुसऱ्या पायात फिरते, पाच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान येते आणि आपोआप जाते. वेदनेवर औषध आणि विश्रांती, एवढाच उपाय. गोळ्यांमुळे झाले का, असे मी दोनदा विचारले. कोणत्याही एका गोष्टीकडे बोट दाखवता येणार नाही, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझी समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पाच आठवड्यांत दुखणे गेले.

बाकीचे थोडक्यात. डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी १६ आठवड्यांपर्यंत पूर्ण केल्या. हृदयात होणाऱ्या जंतांवर महिन्याला एक गोळी जन्मभर द्यायची आहे, कारण इथल्या डासांमुळे तो रोग सर्वत्र आहे. नसबंदी हाडांची वाढ संपेपर्यंत पुढे ढकलली. उन्हाळ्यात केस भादरायचे नाहीत, तोच थर ऊन अडवतो. सावली आणि पाणी मात्र हवेच. छाती खोल असलेल्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते, म्हणून एकदम मोठा वाडगा नाही आणि जेवणानंतर लगेच धावपळ नाही.

एका गोष्टीवर मात्र मी आजोबांच्या रिवाजाविरुद्ध गेले आहे. मेलेल्या करडाचे किंवा कापलेल्या बोकडाचे कच्चे काळीज, फुप्फुस, डोके कुत्र्याला टाकायचे नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या अंगातल्या पाण्याच्या गाठींमध्ये पट्टकृमीची अंडी नव्हे तर डोकी असतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि पुन्हा मेंढरांच्या पोटात जातात. त्यांतली एक जात मेंढीच्या मेंदूत गाठ करते. आजोबांच्या कळपात दरवर्षी एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गरगर फिरत मरायची. बाहेरचे काही लागले म्हणून नारळ उतरवला जाई आणि तीच मेंढी कापून तिचे डोके कुत्र्यांना दिले जाई. दुसऱ्या जातीच्या गाठी माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसातही होतात. ढवळ्याला दर तीन महिन्यांनी पट्टकृमीचे औषध देतो. वेतानंतरचा जार तो खातो, तेवढे मी अडवत नाही.

वर्षाचा झाल्यावर एक गंमत झाली. वजन ४४ किलो होते, अजून वाढ शिल्लक होती, आणि त्याने खाणे कमी केले. सहा महिन्यांचा असताना तो ५०० ग्रॅम संपवून वाडगा चाटायचा; आता ४०० ग्रॅमही संपेनात. कधी सकाळी हुंगून निघून जाई. ज्या पिल्लाला मी वर्षभर कमी घालत होते, त्याला आता तूप लावून आर्जव करावेसे वाटू लागले. वहीत मागे जाऊन पाहिले, फासळ्या चाचपल्या. हाताच्या पाठीसारख्याच लागत होत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या की मोठे झालेले पिरेनीज आकाराच्या मानाने फार थोडे खातात, दिवसभर झोपतात आणि रात्री जागतात, तेव्हा तू तुपाचा डबा ठेवून दे.

दीड वर्षाचा झाला त्या फेब्रुवारीत आम्ही त्याला पहिल्यांदा विणाऱ्या शेळ्यांत मोकळा सोडला. पहिल्या रात्री मी अंगावर घोंगडी घेऊन गोठ्याच्या दारात बसले होते. दोनच्या सुमारास ओढ्याच्या बाजूने कोयोटींची कोल्हेकुई सुरू झाली. ढवळ्या उठला, कुंपणापर्यंत गेला आणि छातीतून असा भुंकला की माझ्या हातातला चहा हिंदकळला. ओरडणे थांबले. तो परत आला आणि नुकतीच व्यायलेल्या शेळीपासून दहा पावलांवर, तिच्याकडे पाठ करून पडला. करडू अडखळत त्याच्याकडे गेले आणि त्याच्या पोटाशी दूध शोधू लागले. त्याने फक्त मान वळवली.

सकाळी वाडगा भरलेलाच होता. मी दाणे तोलले, ४०० ग्रॅमच भरले. वहीत तारीख घातली आणि त्यापुढे शून्य लिहिले. आईने व्हिडिओवर त्याला पाहिले तेव्हा तो उन्हात पाय ताणून झोपला होता. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग विचारलेच, “आज खाल्लं का त्येनं काय?”